तांब्यानं

आमच्या मिरजेत पूर्वी दोनच गोष्टी नावाजलेल्या होत्या, दवाखाने आणि सतारी. आता तिसरी आहे आणि ती आमच्या हॉलमध्ये आहे. बढाई मारते असं वाटलं तर वाटू दे. घाट उतरल्याशिवाय इथून समुद्र दिसत नाही, पण त्या समुद्राचा एक तुकडा चार वर्षं आमच्या सोफ्यासमोर जगला. तो जगला यात एका सासूचा, एका सुनेचा आणि मराठी व्याकरणाचा हात आहे. व्याकरणाचं नाव काढलं की लोक हसतात. माझे विद्यार्थीही हसायचे.

मी पद्मजा चौगुले, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. माझा नवरा भरतेश हयातभर एका मोठ्या रुग्णालयात एक्स-रे काढत आला. त्याच्या मते माणसं दोन प्रकारची असतात, रिपोर्ट बघून बोलणारी आणि उगाच बोलणारी. मी दुसऱ्या प्रकारातली. घरात तिसऱ्या अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, आणि पाणी गाळल्याशिवाय पायसुद्धा धुवायच्या नाहीत. आम्हा जैनांच्या घरात पाणी गाळतातच, पण अक्कांचं गाळणं शेवटपर्यंत जायचं. दुहेरी फडक्यातून पाणी ओतायचं आणि फडक्यात अडकलेले बारीक जीव ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात अलगद परत सोडायचे. या परत सोडण्याला जिवाणी म्हणतात. आधी नळाला फिल्टर आला, मग घराला आला, मग अख्ख्या शहरालाच आला. अक्कांचं फडकं काही सुटलं नाही.

आता समुद्राचं सांगते. दोन हजार त्रेचाळीस सालच्या उन्हाळ्यात अरबी समुद्राचं पाणी तापलं आणि तापलेलंच राहिलं. मालवणच्या बाजूला खडकांवर जे प्रवाळ होते ते पांढरे पडत गेले. प्रवाळ हा दगड नव्हे, झाडही नव्हे. ती नखाएवढ्या प्राण्यांची वसाहत असते. खाली त्यांनीच बांधलेला चुन्याचा सांगाडा आणि वर कातडीइतका पातळ मांसाचा थर. त्या मांसात सूक्ष्म शेवाळ भाडेकरू म्हणून राहतं आणि उन्हावर साखर बनवून भाडं भरतं. पाणी फार तापलं की मालक-भाडेकरूचं बिनसतं, शेवाळ बाहेर पडतं आणि रंग जातो. पाणी वेळेत निवलं तर भाडेकरू परत येतो. त्या वर्षी पाणी वेळेत निवलं नाही.

सगळं मरायच्या आत पाणबुड्यांनी जमतील तेवढे तुकडे कापून वर आणले. एकाच प्रयोगशाळेत ठेवले तर एकच रोग सगळे घेऊन जाईल, म्हणून मालवणच्या प्रवाळ केंद्राने ते महाराष्ट्रभर घरोघर वाटले. यात अक्कांना काही नवल वाटलं नाही. बियाणं एका कणगीत ठेवत नाहीत, एवढंच त्या म्हणाल्या.

भरतेशला अशा कामाचा आधीपासून नाद. त्याने अर्ज केला, परीक्षा दिली, आणि मिरजेचा एकमेव प्रवाळपालक झाला. आमच्या वाट्याला आलेला तुकडा विड्याच्या पानाएवढा होता, तसाच पसरट, कडेला जांभळट. आम्ही त्याला पान म्हणू लागलो. चार वर्षांत पान जेवणाच्या ताटाएवढं झालं. केंद्राकडून कळलं की यंदा दिवाळीनंतर पहिले तुकडे परत समुद्रात लावणार आणि त्यात मिरजेचं पान असणार. भरतेशने ही बातमी गल्लीत सांगितली, बँकेत सांगितली, दाढी करता करता न्हाव्यालाही सांगितली. मी त्याला हसले खरी, पण भाजी मंडईत मीही तेच करत होते.

पानाच्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीसोबत केंद्राने एक यंत्र दिलं होतं. त्याचं नाव चिकित्सक. मराठीत चिकित्सक म्हणजे रोग ओळखणारा, आणि मेथीची जुडी घेताना काडी न् काडी तपासणाराही चिकित्सकच. दुसऱ्या अर्थाचा नमुना घरात आधीच आहे, असं भरतेश पाहुण्यांना सांगायचा आणि माझ्याकडे बोट दाखवायचा. हे नवं यंत्र टाकीतलं पाणी थेंबाथेंबाने चाखून त्यातल्या जिवाणूंचा डीएनए वाचायचं. निळ्या दिव्याखाली पानाचे फोटो काढायचं, कारण जिवंत मांस त्या उजेडात हिरवं चमकतं आणि उघडा पडलेला सांगाडा चमकत नाही. एवढ्यावरही रोग कळला नाही तर ते जुन्या डॉक्टरांसारखं घरातल्यांना प्रश्न विचारायचं, अगदी स्वच्छ मराठीत. त्याचं निदान आम्हाला मान्य राहील अशी सही आम्ही केली होती. पालक एकमेकांना तुकडे देतात, त्यामुळे एका घराने लपवलेला रोग दहा घरांत जाऊ शकतो. नियम वाईट नव्हता.

गणपती झाले आणि पानाच्या कडेला खालच्या अंगाने एक पांढरा डाग दिसला. पुढच्या आठवड्यात तो रुपयाएवढा झाला, शेजारी दुसरा उमटला. मी म्हटलं, रंग जात असेल, येईल परत. भरतेशने भिंग माझ्या हातात दिलं आणि बघायला लावलं. रंग गेलेल्या प्रवाळाची तोंडं हलत असतात, फक्त काचेसारखी दिसतात. इथे तोंडंच नव्हती. खालचा चुना उघडा पडला होता. रंग जाणं वेगळं आणि मांस जाणं वेगळं, भरतेश म्हणाला. गेलेलं मांस तिथे परत येत नाही, शेजारचं वाचवता आलं तर वाचवायचं. आणि ते वाचवायचं तर मांस का जातंय हे आधी कळायला हवं. क्षार कमीजास्त झाले तर जातं, जिवाणूंनी जातं, विषाने जातं, कुणी खाल्लं तरीही जातं. दिसायला सगळं सारखंच पांढरं.

चिकित्सकाने पाणी चाखलं. रोगाचा एकही जिवाणू नाही. तापमान, मीठ, चुना, सगळं जिथल्या तिथे. आता प्रश्न विचारायची वेळ होती, आणि नेमके त्या दिवशी आम्ही दोघं जयसिंगपूरला लग्नाला गेलो होतो. घरी अक्का एकट्या. यंत्राने त्यांनाच विचारलं.

संध्याकाळी आलो तेव्हा निदान तयार होतं. रिपोर्टची फक्त शेवटची ओळ वाचायची ही भरतेशची नोकरीपासूनची सवय. ती ओळ होती, 'तांब्याची विषबाधा, शक्यता दाट.'

आपल्याकडे तांब्याच्या भांड्यातलं पाणी औषधी मानतात. माणसाला ते चालतं, पण समुद्रातल्या बिनकण्याच्या जिवांना तांब्याचा अंशसुद्धा विष. इतका बारीक अंश घरचं यंत्र मोजू शकत नाही. नमुना कुरिअरने मोठ्या प्रयोगशाळेत जातो आणि निकालाला वेळ लागतो. तोवर पालकत्व रद्द आणि पान दुसऱ्या घरी, असा नियम. यंदाचा समुद्र तर गेलाच. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला तांब्याची घागर आहे, चिंचेने घासून लखलखीत ठेवलेली. भरतेशने आधी घागरीकडे पाहिलं, मग आईकडे.

टाकीतलं पाणी उन्हाने, वाऱ्याने उडतं. तेवढं शुद्ध पाणी रोज वरून घालावं लागतं, आणि ते काम अक्कांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं.

"अक्का, पाणी तांब्यानं घालत होतीस?" त्याने विचारलं.

"होय की. रोज तांब्यानंच घालतो मी."

"मग तुझ्या तांब्यानंच ते मेलं."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. अक्का उठून आत गेल्या. त्यांनी आयुष्यभर मुंगीला वाट दिली होती, पावसाळ्यात पालेभाजी वर्ज्य केली होती, आणि आज पोटच्या मुलाने सांगितलं की तुझ्या हातून हजारो जीव गेले. मलाही त्या क्षणी शंका आली नाही. घागर समोर होती आणि अक्कांनी कबूल केलं होतं.

त्यानंतर घर मुकं झालं. अक्का हॉलमध्ये यायच्या बंद झाल्या. दिवसातून एकदाच जेवायच्या, तेही चार घास. पाणी गाळायला मला सांगू लागल्या, म्हणाल्या, माझ्या हाताला पाप लागलंय. पान न्यायला केंद्राचं माणूस येईतोवर भरतेश टाकीसमोर बसून वाढते डाग बघायचा आणि आईशी बोलायचा नाही. दोघांच्या मधे मी निरोप्या. असले निरोप मी फार नेत नाही, माझा स्वभाव नाही तो. मी दोघांनाही सुनावलं, पण दोघांनीही ऐकून घेतलं आणि आपापल्या जागी बसून राहिले.

मग एका सकाळी अक्कांनी मला हाक मारली. पलंगाखालून एक पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली.

"एवढं भंगारवाल्याला देऊन टाक गं. डोळ्यासमोर नको मला."

फडक्यात त्यांचा तांब्या होता. भरतेशच्या बारशाला मामाकडून आलेला, काठावर नाव कोरलेला, पोचे पडलेला. आणि स्टीलचा. शंभर टक्के स्टीलचा, जसे आजकाल सगळ्यांच्या घरातले तांबे असतात. एके काळी तो तांब्याचा असायचा म्हणून त्याला तांब्या म्हणतात. धातू गेला, नाव राहिलं.

मी त्यांना विचारलं, टाकीत घागरीतलं पाणी कधी घातलंत का. त्या म्हणाल्या, छे गं, भरतेशनं ते शुद्ध पाण्याचं पांढरं पिंप दिलंय ना, त्यातलंच घालतो, ह्या तांब्यानं.

मी तशीच हॉलमध्ये आले आणि चिकित्सकाचा रिपोर्ट पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मास्तरीण असल्यामुळे मला शेवटून वाचता येत नाही. पहिलीच ओळ होती, 'घरातील वृद्ध गृहस्थांनी दिलेल्या माहितीनुसार'. आमच्या घरात वृद्ध गृहस्थ नाहीत. सासरे जाऊन पंधरा वर्षं झाली. मग लक्षात आलं. आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. अख्खी नोकरी मी वर्गात 'मी जाते' गिरवून घेतलं आणि घरी अक्कांपुढे हात टेकले. यंत्राने 'घालतो' ऐकलं आणि अक्कांना पुरुष करून टाकलं. ज्याला बाई कळली नाही त्याला भांडं काय कळणार, असं म्हणून मी पुढे वाचलं. 'टाकीत दररोज तांबे या धातूमार्फत पाणी घातले जाते.'

मला हसू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. तांबे म्हणजे धातू, त्याची तृतीया तांब्याने. तांब्या म्हणजे भांडं, त्याचीही तृतीया तांब्याने. दोन शब्दांचं सामान्यरूप एकच. वाक्य बघून अर्थ लावायचा असतो, हे आमची सहावीची पोरं सांगतील. अक्का भांड्याबद्दल बोलत होत्या, यंत्राने धातू ऐकला, भरतेशने यंत्राचं ऐकलं, आणि 'तुझ्या तांब्यानं मेलं' हे ऐकून अक्कांना वाटलं आपलं भांडंच अपशकुनी. एका शब्दावर तिघांचं एकमत झालं होतं आणि तिघांच्या मनात अर्थ मात्र एक नव्हता.

मी भरतेशला हाक मारली आणि त्याच्यासमोर यंत्राला शिकवायला बसले. ते सौजन्याने ऐकत होतं. शेवटी मी स्टीलचा तांब्या त्याच्या कॅमेऱ्यासमोर धरला.

"हे काय आहे?"

"तांब्या," चिकित्सक म्हणाला.

"कशाचा आहे?"

"स्टीलचा. दुरुस्ती स्वीकारली. तांबे या धातूशी संपर्क नाही."

मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू. सगळ्या नोकरीत इतका शहाणा विद्यार्थी मिळाला नव्हता. पण स्क्रीनवर निदानाची ओळ बदलत होती आणि भरतेश ती वाचत होता. 'कारण अज्ञात. संसर्ग गृहीत धरावा. वसाहत नष्ट करावी.'

नियम सरळ होता. विष असेल तर प्रवाळ दुसऱ्या घरी जाऊन वाचतो. कारणच कळलं नाही तर तो साथीचा रोग समजायचा आणि बाकीची घरं वाचवण्यासाठी प्रवाळ मारायचा. माझ्या व्याकरणाने अक्का सुटल्या आणि पान फासावर गेलं. भरतेश उठला आणि आईच्या खोलीत गेला. आत काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, मुद्दाम ऐकलं नाही. बाहेर येताना त्याने अक्कांचा हात धरून त्यांना आणलं, टाकीसमोरच्या खुर्चीत बसवलं, आणि माझ्या हातातला तांब्या घेऊन पांढऱ्या पिंपातून भरला.

"अक्का, पाणी घाल," तो म्हणाला.

अक्कांनी घातलं. मग पानाकडे बघत विचारलं, आता ह्याचं काय. आम्ही सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे माझ्यावरचा आळ ह्याच्यावर गेला होय.

केंद्रातून इला मयेकर आली ती एक पेटी आणि एक डबा घेऊन. पेटी नमुन्यासाठी, डब्यात पान मारायचं औषध. तिशीतली मुलगी, मालवणची, समुद्रावरच वाढलेली. डबा तिने दाराबाहेरच चपलांपाशी ठेवला, हे मला आवडलं. यंत्राने काय म्हटलंय ते मला ठाऊक आहे, ती म्हणाली, पण पान मी अजून बघितलेलं नाही.

तिने दिवे घालवले, निळी बॅटरी लावली आणि बघत राहिली. दगडामागे एक लाल पट्ट्यांचा झिंगा मिशा हलवत होता. त्याच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली की तांबं असतं तर आधी हा मेला असता, म्हणजे मॅडम तुम्ही बरोबर आहात. यंत्राला तो दिसला नाही, कारण दिवसा तो लपतो. मग तिने डागांची कड दाखवली. रोगाची कड सरळ पुढे सरकते, मधे काही सोडत नाही. इथे कड खाचखाचांची होती, उंदराने भाकरी कुरतडावी तशी. कुणीतरी खातंय, ती म्हणाली. पण कोण ते दिसलं पाहिजे. दिसल्याशिवाय मला नियम मोडता येणार नाही.

तिने पान उलटंसुलटं करून पाहिलं, काही दिसलं नाही. मग जुन्या डॉक्टरांसारखं विचारू लागली. एवढ्यात काय बदललं? काही आणलं, काही गेलं? भरतेश म्हणाला, काही नाही, चैत्रात सोन्या गेला तेवढाच. सोन्या म्हणजे पिवळ्या पट्ट्याचा बोटभर मासा, पहिल्या दिवसापासून टाकीत होता, म्हातारा होऊन मेला. इलाने मान वर केली. सोन्या दिवसभर काय करायचा? पानाच्या खाली चोची मारत फिरायचा, मी म्हटलं, आम्हाला वाटायचं त्याला चाळा आहे. तिने नुसता हुंकार दिला.

मग तिने विचारलं, जुनं पाणी काढता ते कसं काढता, दाखवाल का मला?

ते काम अक्कांचं आणि भरतेशचं. तो नळीने टाकीच्या तळाचं पाणी बादलीत ओढायचा. अक्का सवयीने पुढे झाल्या, बादलीवर दुहेरी फडकं ताणलं, पाणी त्यातून जाऊ दिलं. मग फडकं उचललं, तांब्यात थोडं टाकीतलं पाणी घेतलं आणि फडकं उलटं करून त्यात खळबळून काढायला लागल्या. इलाने विचारलं, आजी, हे काय करताय.

"जिवाणी," अक्का म्हणाल्या. "फडक्यात जीव राहतात. गटारात गेले तर मरतील. परत सोडतो मी त्यांना."

"जीव? तुम्हाला दिसतात?"

"बारीक तीळ असतात बघ पांढरे. हलतात म्हणून तर सोडतो."

इलाने तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि बॅटरी आत धरली. स्टीलच्या तळाशी दोन-तीन पांढरे तीळ होते. त्यातला एक सावकाश लांब झाला, त्याच्या पाठीवरची झालर उलगडली, आणि तो चालू लागला.

तिचा श्वास मला ऐकू आला. ही गोगलगायीच्याच कुळातली, ती म्हणाली, पण हिला शंख नसतो. हाच एक प्रवाळ खाते, दुसरं काही खात नाही. ही पिल्लं पांढरी, पण मोठी झाली की त्याच्या पोटाखाली राहते, त्याचंच मांस खाऊन त्याच्याच रंगाची होते, म्हणून दिसत नाही. पानासोबत अंडी आली असणार. सोन्या वेचून खात होता तोवर हिशेबात राहिल्या, सोन्या गेला आणि वाढल्या. नळीने निघून गेल्या असत्या, पण दर आठवड्याला आजी त्यांना परत आणून सोडत होत्या.

यंत्राला जिवाणू कळत होते, अक्कांना जिवाणी. मधल्या आकाराचा जीव कुणाच्याच हिशेबात नव्हता.

अक्कांचा चेहरा परत उतरला. म्हणजे माझ्यामुळंच, असं काहीसं त्या पुटपुटल्या. पण इला जमिनीवर त्यांच्यापाशी बसली होती आणि तिचे डोळे भरले होते.

"आजी, मी ही फक्त जुन्या फोटोत बघितलीय. समुद्र तापला त्यानंतर आमच्या किनाऱ्यावर कुणालाच दिसलेली नाही. हिचा प्रवाळ गेला, तशी हीपण गेली असं आम्ही लिहून टाकलं होतं. बाकी सगळ्या घरांत पाणी बदलताना ती गटारात गेली. फक्त तुमच्या घरात राहिली."

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आपलं म्हणून सांगत नाही, पण केवढी मोठी केंद्रं, केवढी यंत्रं, आणि एका जातीचा अख्खा वंश आमच्या अक्कांच्या फडक्यात टिकून होता. भरतेश आईकडे असा बघत होता की जणू तिचा नवा एक्स-रे निघालाय.

पानावरचा आळ गेला. रोग नव्हताच. आता उपाय राहिला. इलाने सांगितलं, साधा उपाय म्हणजे पानाला औषधाच्या पाण्यात बुडवायचं, या गोगलगायी सुटून मरतात. थोड्या आम्ही अभ्यासाला ठेवू. अक्कांनी विचारलं, बाकीच्या मरतील? इलाने होय म्हणून मान हलवली. मग अक्का म्हणाल्या, पानाला एक न्याय आणि ह्यांना एक, असं कसं बाई. माझ्यावर आळ आला तेव्हा तुम्ही सगळ्यांनी बघितलंत ना, घाईनं काय होतं ते.

मी मनात म्हटलं, झालं. आता हे प्रकरण प्रतिक्रमणापर्यंत, म्हणजे पापाच्या कबुलीपर्यंत जाणार. पण त्या व्यवहारी बाई आहेत, त्यांनी उपाय आधीच काढला होता. पानाची खाल्लेली कड, जिच्या पोटाला अंडी चिकटली होती, ती कापून खाऱ्या पाण्याच्या वेगळ्या घमेल्यात ठेवायची. हेच त्यांचं घर आणि हेच जेवण. पानाच्या बाकीच्या भागाखाली रोज पाण्याची पिचकारी मारायची, सुटतील तेवढ्या फडक्यात झेलायच्या आणि घमेल्यात सोडायच्या. आणि टाकीत सोन्यासारखा मासा आणायचा. मासा खाईल ते माशाचं, आपल्या हातानं नको.

इलाने मालवणला फोन लावला. बराच वेळ मालवणीत बोलणं चाललं होतं. मग ती बाहेर गेली, चपलांपाशी ठेवलेला डबा उचलला आणि गाडीत ठेवून आली.

पुढचे दिवस आमचं घर म्हणजे रंगपंचमी. भरतेश पिचकारी मारायचा, अक्का फडकं धरायच्या, मी दोघांना सूचना द्यायचे आणि दोघंही त्या ऐकत नसत. मायलेकांचं आता इतकं बोलणं चालायचं की मला वर्तमानपत्र वाचणं कठीण झालं. पानाचे डाग थांबले. मग डागांच्या कडेने मांसाची जांभळी रेघ चुन्यावर सरकायला लागली. गेलेलं मांस परत येत नाही असं भरतेश म्हणाला होता. ते खरंच होतं, परत काही आलं नाही. जे शिल्लक होतं तेच पुढे वाढलं.

केंद्राने सगळ्या घरांतल्या चिकित्सकांना दोन नव्या गोष्टी शिकवल्या. तांब्याने असं उत्तर आलं की आधी विचारायचं, भांडं की धातू. आणि बाई 'करतो' म्हणाली तरी ती बाईच असते. दुसऱ्या सूचनेखाली माझं नाव आहे. मी त्याची चौकट केलेली नाही, पण करणार आहे.

दिवाळीनंतर आम्ही तिघं मालवणला गेलो. अक्कांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. होडीत बसताना त्यांचा एक हात भरतेशने धरला होता, पण दुसरा हात त्यांनी रिकामा ठेवला नाही, त्यात तांब्या होता, तोंडाला फडकं बांधलेलं. पाणबुड्यांनी पानाचे तुकडे खाली नेले. इला म्हणाली, खाली आता सोन्याचे भाऊबंद परत आलेत, पानाचे तुकडेही पुरेसे आहेत, आता थोडे पाहुणे चालतील. बाकीचे घमेल्यात, केंद्रात. तिने अक्कांकडे मान वळवली.

अक्कांनी फडकं सोडलं. होडीच्या कडेवर वाकल्या, तांब्या पाण्याला टेकवला आणि हळूच तिरका केला. ज्या पाण्यातला जीव त्या पाण्यात, असं त्या दर वेळी म्हणायच्या, त्या दिवशीही म्हणाल्या. घाट चढून गेलेलं ते पाणी घाट उतरून परत आपल्या जागी मिळालं. भरतेश रडत होता आणि लपवत नव्हता. मला माझ्या सासूचा इतका अभिमान वाटला की ओरडून सांगावंसं वाटलं, पण होडी लहान होती.

इलाच्या हातातल्या छोट्या चिकित्सकाला प्रत्येक जिवाची नोंद ठेवावी लागते. त्याने स्वच्छ मराठीत विचारलं, "जीव पाण्यात कशाने सोडले?"

"तांब्यानं," अक्का म्हणाल्या.

यंत्र थांबलं. आम्ही सगळेच थांबलो. ते पुढचा प्रश्न विचारणार, एवढ्यात अक्कांनी तांब्या उलटा करून शेवटचा थेंब समुद्रात झटकला आणि त्याच्या कॅमेऱ्यासमोर धरला.

"स्टीलच्या," त्या म्हणाल्या. "आणि मी बाई आहे. लिहून घे."